टायगर हिल : चौकटीतलं आणि चौकटीबाहेरचं

बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून निघून खांडव्याच्या रस्त्याला लागलं, की वीसेक किलोमीटरवर असीरगड येतो. सातपुड्याच्या कुशीतला हा गड दख्खनचा दरवाजा म्हणून ओळखला जातो. उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी वाट त्याच्या पायथ्यावरून जाते, आणि वरून ती तळहातावरच्या रेषेसारखी दिसते. गड ज्याच्या हाती, वाट त्याची. म्हणून अकबरालाही महिनोन्‌महिने वेढा घालून बसावं लागलं. १६०१ च्या जानेवारीत गड त्याच्या हाती आला. १७६० साली उदगीरच्या विजयानंतर बऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. १८१९ मध्ये इंग्रजांना तो पुन्हा तोफा लावून घ्यावा लागला. आमच्या भागातल्या माणसाला उंचीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. त्याने असीरगड पाहिलेला असतो.

१९९९ च्या मे महिन्यात दूरदर्शनवर द्रास, कारगिल, बटालिक अशी नावं ऐकू येऊ लागली, तेव्हा हाच धडा हिमालयाच्या मापाने समोर आला. झोजिला ओलांडून लेहकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग द्रासच्या खोऱ्यातून जातो. द्रास सुमारे ३२८० मीटर उंचीवर आहे. त्याच्या उत्तरेला एक टोकदार शिखर उभं आहे. लष्करी नकाशावर ते पॉइंट ५०६२, म्हणजे ५०६२ मीटर उंचीचं. जगाला ते टायगर हिल म्हणून माहीत झालं. हिवाळ्यात रिकाम्या होणाऱ्या ठाण्यांवर पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक येऊन बसले होते. टायगर हिलवर तर त्यांनी या भागातल्या लढाईचं नियंत्रण करणारं ठाणंच उभारलं होतं. तिथून महामार्ग दिसत होता, महामार्गावरचे ट्रक दिसत होते, आणि दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तोफगोळे टाकता येत होते. लेह-सियाचेनकडे जाणारी रसद याच रस्त्याने जायची.

२४ जून १९९९ रोजी भारतीय हवाई दलाच्या मिराज विमानांनी या ठाण्यावर लेझरच्या साहाय्याने नेमका बॉम्ब टाकला. त्या हल्ल्याची काही सेकंदांची काळी-पांढरी चित्रफीत देशाने पाहिली. पडद्याच्या मधोमध एक फुली, फुलीखाली बर्फातल्या कड्यावरचे तंबू, आणि मग सगळं झाकून टाकणारा पांढरा लोळ. आजही कारगिलच्या हवाई लढाईचं नाव काढलं की हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या चौकटीच्या आत काय होतं ते सांगायला हवंच. पण चौकटीच्या अलीकडे आणि पलीकडे काय होतं, ते सांगितल्याशिवाय ती आठवण पुरी होत नाही असं मला मनापासून वाटतं.

त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. ३१ डिसेंबर १९९८ रोजी त्यांनी सूत्रं हाती घेतली होती. पाच महिन्यांच्या आत त्यांच्यापुढे असा प्रश्न आला, ज्याचं तयार उत्तर कोणाकडेही नव्हतं. सैन्याला शिखरांवर मारा करण्यासाठी सशस्त्र हेलिकॉप्टरं हवी होती. टिपणीसांचं म्हणणं असं, की इतक्या उंचीवर हेलिकॉप्टरं सहज टिपली जातील. आणि हवाई दल लढाईत उतरवणं म्हणजे युद्धाची पायरी चढणं, तो निर्णय सरकारने घ्यायचा. त्यावरून सैन्य आणि हवाई दल यांच्यात मतभेद झाले, त्यांची चर्चा पुढे बरीच वर्षं चालली. २५ मे रोजी सरकारने परवानगी दिली, पण एका अटीवर : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. २६ मेच्या सकाळी ‘ऑपरेशन सफेद सागर’ सुरू झालं.

ही अट कागदावर एका ओळीची होती, वैमानिकासाठी मात्र ती फार मोठी होती. लक्ष्य डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असलं, तर सरळ रेषेत येऊन बॉम्ब टाकून पुढे निघून जाणं शक्य नव्हतं. पुढे नियंत्रण रेषा होती. ताशी आठशे-हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला काही सेकंदांतच वळावं लागत होतं. शिवाय उंचीने सगळी गणितं बिघडवली होती. बॉम्ब कुठे पडेल याचे तक्ते मैदानी लक्ष्यांसाठी केलेले होते. सोळा-सतरा हजार फुटांवरच्या विरळ हवेत तोच बॉम्ब वेगळ्या वाटेने पडे. मैदानावर दहा मीटरची चूक चालून जाते. तलवारीच्या धारेसारख्या कड्यावर दहा मीटर चुकले, की बॉम्ब दुसऱ्या बाजूच्या दरीत जातो आणि शत्रूच्या केसालाही धक्का लागत नाही.

आणि शत्रूकडे खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं होती. मोहीम सुरू होण्याआधीच, २१ मे रोजी, टेहळणीची छायाचित्रं घेणाऱ्या कॅनबेरा विमानाला असं एक क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन निकामी होऊनही वैमानिकाने ते जुनं विमान श्रीनगरला सुखरूप उतरवलं. इशारा मिळाला होता. पण इशारा कळणं आणि त्यावर उपाय सापडणं यांमध्ये काही दिवस जातात, आणि युद्धात त्या दिवसांची किंमत माणसांनी मोजावी लागते.

२७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन हवेत बंद पडलं. त्यांना विमानातून उडी घ्यावी लागली. त्यांच्या शोधासाठी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपलं मिग-२१ घेऊन तिथेच घिरट्या घालत राहिले. धोका त्यांना माहीत होता. खाली उतरलेल्या सहकाऱ्याचं ठिकाण कळावं म्हणून ते थांबले आणि क्षेपणास्त्राला बळी पडले. नचिकेता पाकिस्तानच्या कैदेतून जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. आहुजांचा देह परत आला. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, द्रासजवळच्या तोलोलिंग डोंगरावर रॉकेटं डागणाऱ्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांपैकी एक पाडलं गेलं. त्यात स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू होते. चौघेही गेले. दोन दिवसांत दोन विमानं, एक हेलिकॉप्टर आणि पाच माणसं. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं या कामातून काढून घेण्यात आली आणि विमानांनी क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर, बरंच वरून उडावं असं ठरलं.

पण वर गेलं की नेम जातो. क्षेपणास्त्राचा पल्ला मोजायचा तो डागणाऱ्याच्या पायापासून. माणूसच सोळा हजार फुटांवर उभा असेल तर विमानाने तीस हजारांच्या आसपास राहायला हवं. तिथून खालचा तंबू ठिपक्याएवढाही दिसत नाही. जीव वाचवावा तर नेम चुकतो, नेम साधावा तर जीव जातो. हा पेच सोडवण्यासाठी हवाई दलाची नजर ग्वाल्हेरकडे वळली.

ग्वाल्हेर म्हणजे शिंद्यांची जुनी राजधानी. दौलतराव शिंद्यांच्या छावणीची जागा आजही शहरात ‘लष्कर’ याच नावाने ओळखली जाते, आणि तिथल्या गल्ल्यांतून अजून मराठी कानावर पडते. त्याच शहराजवळच्या महाराजपूर तळावर १९८५ पासून फ्रेंच बनावटीची मिराज २००० विमानं होती. हवाई दलाने त्यांना ‘वज्र’ असं नाव दिलं आहे. ७ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘बॅटल ॲक्सेस’ आणि १ क्रमांकाची ‘टायगर्स’ या दोन्ही तिथल्याच. मिराजची खरी ख्याती हवेतल्या हवेत लढण्याची. डोंगरावरचे तंबू उडवणं हे काम त्या विमानापुढे आता नव्याने आलं होतं.

म्हणून जूनचे ते आठवडे जितके वैमानिकांचे, तितकेच तंत्रज्ञांचेही होते. इस्रायलकडून घेतलेलं ‘लायटनिंग’ नावाचं लक्ष्यदर्शक उपकरण मिराजच्या पोटाखाली बसवायचं होतं. ते विमानाच्या संगणकाशी जुळवायचं, हजार पौंडी बॉम्बला लेझरच्या मागे जाणारं नाक आणि सुकाणूचे पंख लावायचे, आणि हे सगळं हवेत नेऊन तपासायचं. एरवी अशा चाचण्यांना महिने लागतात. १९९८ च्या पोखरण स्फोटांनंतर भारतावर निर्बंध होते, त्यामुळे अडलेला सुटा भाग बाहेरून चटकन मागवण्याची सोय नव्हती. हवाई दलाचे चाचणी अभियंते, तळावरचे तंत्रज्ञ आणि इस्रायलहून आलेली माणसं यांनी मिळून हे काम काही दिवसांत पुरं केलं. तोवर मिराज साधे बॉम्ब घेऊन लढतच होती. १७ जून रोजी बटालिक भागातल्या मुंथो ढालो इथल्या शत्रूच्या रसदतळावर त्यांनी केलेला मारा या मोहिमेतला सर्वांत परिणामकारक मानला जातो.

लेझरच्या बॉम्बचं तत्त्व समजायला अवघड नाही. विमानातल्या पडद्यावर वैमानिक फुली लक्ष्यावर आणून ठेवतो. त्या जागेवर लेझरचा अदृश्य किरण पडतो आणि परावर्तित होतो. सुटलेल्या बॉम्बच्या नाकातला डोळा तो परावर्तित उजेड शोधतो आणि पंख हलवत त्याच्या दिशेने सरकत राहतो. अवघड आहे ते पुढचं. बॉम्ब खाली पोहोचेपर्यंत फुली हलता कामा नये. विमान वळत असतं, वेग प्रचंड असतो आणि तरीही नजर त्या एका ठिपक्यावर राहावी लागते. मध्ये ढगाचा तुकडा आला की किरण अडतो आणि सगळं व्यर्थ जातं. जूनच्या अखेरीस हिमालयावर ढग कधी येतील याचा भरवसा नसतो.

२४ जूनला आकाश मोकळं मिळालं. पंजाबातल्या आदमपूर तळावरून मिराज उडाली. नेम धरणाऱ्या विमानाचे वैमानिक होते रघुनाथ नंबियार, जे पुढे एअर मार्शल पदापर्यंत पोहोचले. त्यांच्याबरोबरच्या दोन आसनी मिराजमध्ये मागच्या आसनावर स्वतः हवाई दलप्रमुख टिपणीस बसले होते. वय अठ्ठावन्न. दिल्लीच्या कार्यालयात बसून बातमीची वाट पाहणं त्यांना सहज शक्य होतं, आणि त्याबद्दल कोणी काही म्हटलंही नसतं. पण नियंत्रण रेषा न ओलांडता लढण्याचा आदेश ज्यांनी आपल्या माणसांना दिला, ते त्या आदेशाची धार किती जवळ आहे हे डोळ्यांनी पाहायला गेले.

टिपणीस हे आडनाव आपल्याकडे जुन्या दफ्तरातून आलेलं आहे. टिपण ठेवणारा तो टिपणीस. जे घडलं ते साक्षीने लिहून ठेवणं हे त्याचं काम. त्या सकाळी हिमालयावर तेच झालं असं मला नेहमी वाटतं.

पडद्यावर आधी नुसते पांढरे-करडे उतार दिसत होते. मग कड्याजवळ तंबू दिसू लागले. फुली त्यांच्यावर स्थिरावली. बॉम्ब सुटला, विमान वळलं, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास फक्त वाट पाहणं उरलं. मग तो पांढरा लोळ. भारतीय हवाई दलाने लढाईत लेझर-मार्गदर्शित बॉम्ब वापरण्याची ही सुरुवात होती. साऱ्या युद्धात असे बॉम्ब दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच पडले. पण टायगर हिलवरच्या ठाण्याचा मेंदू त्या दिवशी हादरला.

शत्रूच्या मुख्यालयावर विमानं धाडण्याचे याआधीचे दोन प्रसंग इथे आठवतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसमध्ये बैठक भरणार असल्याची बातमी संदेश ऐकून भारताला मिळाली. विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीहून निघालेल्या मिग-२१ विमानांना ती इमारत शोधायला पर्यटकांसाठी छापलेल्या नकाशाचा आधार घ्यावा लागला. रॉकेटं छतातून आत शिरली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी ढाका पडलं.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे. २१ मार्च १९४५ रोजी ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानांनी कोपनहेगनमधल्या गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयावर, शेल्हुसवर, छपरांच्या उंचीवरून हल्ला केला. मुख्यालय जळालं, कैदेतले कित्येक प्रतिकारक निसटले. पण एक विमान दिव्याच्या खांबाला धडकून एका शाळेजवळ कोसळलं. मागून आलेल्या काही वैमानिकांना तिथला धूर हेच लक्ष्य वाटलं. त्या फ्रेंच शाळेत ८६ मुलं मेली. डेन्मार्क आजही हा दिवस आठवतो, आणि शाळेच्या जागी त्या मुलांचं स्मारक उभं आहे. सुटलेले कैदी आणि मेलेली मुलं, दोघांनाही त्या देशाने आपल्या स्मरणात जागा दिली. स्मरण प्रामाणिक असलं म्हणजे ते असं असतं.

टायगर हिलवर शाळा नव्हती, वस्ती नव्हती. ते सैनिकी ठाणं होतं, आणि नेमका बॉम्ब ठाण्यावरच पडला. पण त्या चित्रफितीने नकळत एक समजूत रुजवली : फुली धरली, बॉम्ब टाकला, टायगर हिल मिळालं. तसं झालं नाही. असीरगड पाहिलेला माणूस हे लगेच ओळखेल. गडावर कितीही मारा करा, शेवटी कोणीतरी चढून जावंच लागतं.

हल्ल्यानंतर नऊ दिवसांनी माणसं चढली. ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांच्या १९२ माउंटन ब्रिगेडच्या १८ ग्रेनेडियर्स आणि ८ शीख या पलटणी ३ जुलैच्या रात्री निघाल्या. तोफांनी शिखर भाजून काढलं होतं. लेफ्टनंट बलवान सिंह यांच्या ‘घातक’ तुकडीने अशी बाजू निवडली, जिथून कोणी येईल असं शत्रूच्या मनातही नव्हतं, कारण ती जवळजवळ उभी भिंत होती. दोर बांधत, हातांनी खडक चाचपत ती तुकडी वर गेली. एकोणीस वर्षांचे ग्रेनेडियर योगेंद्र सिंह यादव अनेक गोळ्या लागूनही पुढे सरकत राहिले आणि त्यांनी शत्रूचे मोर्चे मोडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ४ जुलैच्या पहाटे माथा हाती आला. पुढचे काही दिवस शत्रूने प्रतिहल्ले केले, आणि मगच सगळा डोंगर ताब्यात आला.

अशाच एका प्रतिहल्ल्यात पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा हुद्दा नव्हे, नावाचाच भाग) लढताना पडला. त्याचं धैर्य पाहून ब्रिगेडियर बाजवांनी देह परत पाठवताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी ठेवली, की हा अधिकारी शौर्याने लढला. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च किताब दिला. पडद्यावरच्या त्या तंबूंमध्येही माणसंच होती. त्यांना तिथे पाठवणाऱ्यांनी ती आपली फौज असल्याचंच आधी नाकारलं होतं. तिच्यातल्या एकाच्या शौर्याची नोंद आपल्या ब्रिगेडियरने केली. विजयाच्या आठवणीत हेही ठेवावं, त्याने विजय उणा होत नाही.

वीस वर्षांनी, २४ जून २०१९ रोजी, ग्वाल्हेरच्या तळावर त्या हल्ल्याचा स्मरणसोहळा झाला. टायगर हिलची प्रतिकृती उभारली होती, मिराज डोक्यावरून गेली, आणि प्रतीकात्मक स्फोटाने तो क्षण पुन्हा उभा करण्यात आला. तेव्हाचे हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ हजर होते. चारच महिन्यांपूर्वी, २६ फेब्रुवारीला, याच तळाची मिराज बालाकोटवर जाऊन आली होती, त्यामुळे देशाचं लक्ष त्या सोहळ्याकडे होतं.

त्याआधी महिनाभर, २७ मे २०१९ रोजी, धनोआ पंजाबातल्या भिसियाना तळावर होते. तिथे त्यांनी स्वतः मिग-२१ चालवत ‘मिसिंग मॅन’ रचनेचं नेतृत्व केलं. या रचनेत उडणाऱ्या विमानांमध्ये एक जागा रिकामी ठेवतात. ती जागा अजय आहुजांची होती. कारगिलच्या वेळी आहुजांच्या १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख धनोआच होते. ग्वाल्हेरचा स्फोट सगळ्यांनी पाहिला, भिसियानाच्या आकाशातली रिकामी जागा थोड्यांनीच. मला मात्र हे दोन सोहळे एकाच गोष्टीचे दोन भाग वाटतात. ती जागा रिकामी झाली, पाच माणसं गेली, तेव्हा विमानं वर गेली. वर गेली म्हणून लेझरची गरज पडली. आणि लेझर आला म्हणून फुली त्या तंबूंवर स्थिरावली. २४ जूनचा नेम २७ आणि २८ मेच्या मरणांतून आला आहे.

द्रासचं युद्धस्मारक तोलोलिंगच्या पायथ्याशी आहे, ज्या डोंगरावर ते हेलिकॉप्टर पडलं त्याच डोंगराच्या. तिथल्या भिंतीवर नावं कोरलेली आहेत, आणि समोर टायगर हिलचं टोक दिसतं. तिथे जाणारा बहुतेक प्रत्येक जण आधी शिखराकडे बोट दाखवतो, मग भिंतीकडे वळतो.

आपल्याकडे, बऱ्हाणपुरात, भुसावळात, जळगावात, दर वर्षी २६ जुलैला शाळांमधून कारगिल विजय दिवस साजरा होतो. मुलांना ती चित्रफीत दाखवतात, आणि दाखवावी. फक्त पडदा उजळण्याआधी एका विद्यार्थ्याने पुढे येऊन पाच नावं वाचावीत : आहुजा, पुंडीर, मुहिलन, प्रसाद, साहू. मग फुली, तंबू आणि पांढरा लोळ दाखवावा. आणि लोळ विरला की दिवे न लावता ४ जुलैच्या पहाटे दोर धरून वर चढणाऱ्यांची गोष्ट सांगावी. टिपण एवढं पुरं असावं.